डाव्या हाताचे टाके

पुतणीला पहिला मुलगा झाला त्या वर्षी नदीवरच्या बंधाऱ्याची दुरुस्ती निघाली आणि अडवलेलं पाणी सोडून दिलं. भिंतीच्या पायथ्याचा गाळ उपसताना मजुरांना दोन मुठींएवढा हिरवा गोळा सापडला. दगड समजून एकाने तो भिरकावलाही होता. पण तो ठण्णकन वाजला, म्हणून परत उचलला. तिथून तो संग्रहालयात आला, आणि तिथल्या आमच्या सफाईच्या खोलीत, माझ्या टेबलावर. जुनी नाणी साफ करणं हे माझं काम होतं.

घरी त्या दिवसांत एकच विषय होता. वहिनी म्हणायच्या, "आता येतील बघा. लेकीसाठी नाही आले, नातवासाठी येतील."

यायचा होता तो माझा थोरला भाऊ. आम्ही तांबट. दुकान दादाचं, मी तेव्हा त्याच्या हाताखाली; संग्रहालयातलं काम पुढे दुकान बंद पडल्यावरचं. भंगारात कधी जुन्या राजवटीतली तांब्याची नाणी यायची. ती दादा वितळवायचा नाही. "किती हातांतून गेलंय हे, त्याला भट्टीत कसं घालायचं?" म्हणायचा आणि पिशवीत टाकायचा. पुतणी रांगत होती तेव्हा एका संध्याकाळी तो पिशवी कमरेला बांधून निघाला. नदीपलीकडे नाण्यांचा कुणी शौकीन आलाय, त्याला दाखवून येतो म्हणाला. परत आला नाही. त्या शौकिनाने कानावर हात ठेवले. लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की याने नाणी विकली आणि दुसरं घर केलं.

वहिनींनी तेच धरून ठेवलं. पळून गेलेला माणूस परत येऊ शकतो. त्या त्याला उठता बसता शिव्या घालायच्या आणि दाराला आतून कडी लावू द्यायच्या नाहीत.

"चोर शिरला तर?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही आहात ना घरात, भावोजी. तुमची अवस्था बघून चोरच काहीतरी ठेवून जाईल."

तर तो गोळा. तांबं कळकतं ते दोन तऱ्हेनं. एक हिरवं गडद आणि घट्ट असतं. ते तांब्याला पांघरुणासारखं सांभाळतं. दुसरं फिकट, पिठासारखं. ते तांबं खातं. पुसून काढा, हवा दमट झाली की पुन्हा वर येतं. आमच्या खोलीत त्याला रोग म्हणत. या गोळ्याला रोग होता. ढगाळ दिवशी त्याला घाम फुटायचा. फिकट हिरवे थेंब ट्रेमध्ये उतरायचे, आणि खोलीत ओल्या तांब्याचा वास भरायचा. बंद दुकानाचा असतो तसा.

आमच्या प्रमुख बाईंनी सांगितलं, "वरचा थर उतरवा आणि नाणी सुटी करा. छाप वाचता आली पाहिजे."

मी गोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवला, पाणी बदलत राहिलो. मग भिंगाखाली घेऊन बांबूच्या काडीने कोरायला बसलो. एका बाजूला थर वेगळा लागला. त्यात वीण होती. कापड कधीच कुजून गेलं होतं, पण कुजता कुजता धागा न् धागा त्या हिरव्यात उतरून घट्ट झाला होता. एका ठिकाणी ठिगळाची कड दिसत होती. कडेचे टाके सगळे उलट्या अंगाला कललेले.

माझ्या एप्रनच्या खिशाला ठिगळ होतं. मी खाली वाकून ते भिंगाखाली धरलं. तेच टाके, त्याच अंगाला कललेले. वहिनी डावखुऱ्या. दादाची पिशवीही त्यांनीच शिवलेली.

बाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ भिंगात बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ही बाजू राहू द्या. नाणी दुसरीकडून सोडवू." मग भिंग बाजूला करून म्हणाल्या, "त्यांना आणा. त्यांनी बघायला पाहिजे."

वहिनी आल्या त्या पदर खोचून, भांडायला आल्यासारख्या. भिंगात डोळा घातला नि लगेच काढला. "जगात डावखुरी मी एकटीच आहे का? उगीच बोलावलंत मला. चूल सोडून आले."

"बरं, वहिनी."

"बरं काय बरं?" त्या पुन्हा वाकल्या. या वेळी वर आल्याच नाहीत. वाकूनच बोलल्या, "इथं दोरा कमी पडला होता. हे घाई करत होते, म्हणून एकाच जागी दोनदा टाका घेतला आणि गाठ मारली."

मी बघितलं. टाका दुहेरी होता. शेजारी बारीक गाठ.

तेवढ्यात त्यांनी त्या टाक्यावर अंगठा दाबला. उघड्या हाताचा. आमच्या कामात हे कुणी करू देत नाही. घामातल्या मिठाने तांबं बिघडतं. मला ते ठाऊक होतं. पण त्यांचा हात मला धरवला नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तर दार आतून बंद. मी कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"भावोजी आहात की ते?"

"मीच, वहिनी."

"मग बोला काहीतरी. मोठ्याने बोला. त्यांना तुमच्यासारखं रडकं बोलता यायचं नाही."

मी बोललो, तेव्हा दार उघडलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "इतकी वर्षं नको नको ते बोलले मी त्यांना. या दारात उभं राहून बोलले. आणि ते तिथं, भिंतीच्या खाली, पाण्यात. आता कुठल्या तोंडाने दार उघडू?"

त्यानंतर हवा दमट झाली की तिन्हीसांजेला दार वाजू लागलं. दोन हलके ठोके, एक जड. ताट घडवताना तांबटाचा हात असाच पडतो. वहिनी ऐकायच्या, मीही ऐकायचो. उठून उघडलं की कुणी नसायचं. उंबरठा ओला असायचा. एकदा सकाळी बाहेरच्या कडीवर फिकट हिरवी पूड दिसली. आमची कडी लोखंडाची. मी पूड पुसली आणि घरात बोललो नाही.

इकडे गोळ्यावरही तीच पूड वर आली. बरोबर त्या दुहेरी टाक्यावर, अंगठ्याच्या आकाराची.

बाई म्हणाल्या, "रोग काढायचा तर टाकेही जातील. टाके ठेवायचे तर रोग आतली नाणी खाईल. घरी विचारून या."

मी वहिनींना समोर बसवून तसंच सांगितलं. ते टाके सोडले तर दादा पळून गेला नव्हता याचा पुरावा आमच्यापाशी दुसरा नव्हता.

"हा रोग पाण्याने होतो?"

"ओलीने वाढतो."

"मग काढा ते टाके."

"वहिनी, मग लोकांना दाखवायला काही राहणार नाही."

"लोकांना काय दाखवायचंय? मी बघितलं ना. आधी त्यांना कोरडं करा."

मी टाके खरवडून काढले. मनगट टेबलाला टेकवून एकेक काढला. मग गोळा औषधात बुडवला, दिव्याखाली सुकवला, मेणाचा पातळ हात दिला. दमट हवा लागू नये म्हणून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओल शोषणाऱ्या खड्यांवर ठेवून दिला.

पुढे दिवसभर रिपरिप लागली, तेव्हा बाईंनी डब्याच्या काचेतून गोळा दाखवला. थेंब नव्हता. घरी गेलो तर वहिनी दाराशी बसलेल्या. अंधार पडला, दार वाजलं नाही.

"कोरडे झाले?"

"झाले."

त्या उठल्या, कडी काढली आणि दार लोटून घेतलं. मग त्या दाराला कडी पुन्हा लागली नाही, आणि शिव्याही ऐकू आल्या नाहीत.

माझा थोरला भाऊ बंधाऱ्यावरून जाताना नदीत पडून गेला. त्याची मुलगी रांगत होती त्या वर्षी, पाऊस सरता सरता. वहिनी त्याचा नातू शाळेत जायला लागला त्या वर्षी गेल्या. थंडीत, भर दुपारी, दार उघडं असताना.