दुसऱ्या चालकाचं नाव

चालकाचं वय?

“सतरा,” टॅम्सिन म्हणाली. “दर वेळी काय विचारतेस? तूच जन्म दिलास ना मला?”

“मी नाही विचारत. फॉर्म विचारतोय.”

“मग पंचवीस लिही.”

“आणि तुरुंगात तू जातेस का माझ्याऐवजी?”

लायसन्स मिळून किती काळ झाला?

दोन दिवस.

पडद्यावर एक चाक गोल फिरलं आणि आकडा आला. गाडीच्या वर्षाच्या विम्याचे दोन हजार तीनशे चाळीस पौंड. तोही गाडीत वेग मोजणारी काळी डबी बसवायची कबूल करून. गाडी आम्ही घेतली होती अकराशेला. माझ्याकडे होते सोळाशे, आणि ते संपले की घरात दुसरं काही नव्हतं.

शनिवार होता. सोमवारी सकाळी सहाला टॅम्सिनला एकोणीस मैलांवरच्या शीतगृहात हजर व्हायचं होतं, तिथली यंत्रं दुरुस्त करायला शिकण्यासाठी. दोनशे अर्जांतून दोघांना घेतलं होतं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: येण्याजाण्याची सोय स्वतःची, नसेल तर जागा यादीतल्या पुढच्याला. आमच्या गावातून पहिली बस सव्वानऊला सुटते, तीही मंगळवारी आणि शुक्रवारी.

दुसरा चालक जोडायचा आहे का?

माझं नाव घातलं. चाक फिरलं. दोन हजार सहाशे दहा.

“वाढला?” टॅम्सिन खुर्चीवर सरळ झाली. “तुझं नाव घातल्यावर वाढला?”

“वेगाच्या कॅमेऱ्यानं दोनदा पकडलंय मला. लायसन्सवर नोंद आहे.”

“वा! म्हणजे गाडी कालच शिकलेल्या पोरीपेक्षा माझी आई जास्त डेंजर.”

मी ओलं फडकं तिच्या अंगावर फेकलं. तिनं ते परत फेकलं. खेळीमेळीत नाही, जोरात.

मी वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या विनीनं सांगितलं होतं, एखाद्या म्हाताऱ्याचं नाव घाल. पन्नास वर्षं कुठंही न धडकलेला म्हातारा या कंपन्यांना जावयासारखा लाडका असतो. तो शेजारी नावापुरता असला तरी आकडा खाली येतो. सगळे तेच करतात.

असा म्हातारा माझ्याकडे होता. पण आम्ही सात आठवडे बोलत नव्हतो.

*

दुसऱ्या चालकाचं मुख्य चालकाशी नातं?

दार उघडलं, पण साखळी तशीच ठेवून.

“कोण?”

“हेदर.”

“कोण मेलं?”

“कुणी नाही, बाबा. दार उघडा.”

“मग कशाला आलीस?”

हे माझे वडील. क्लिफर्ड पॅकवुड, वय अठ्ठ्याहत्तर. एक्केचाळीस वर्षं बटाट्याचा ट्रक चालवला त्यांनी, इथल्या काळ्या सपाट रानातून लंडनच्या बाजारापर्यंत. धुक्यात, बर्फात, रस्त्यावर बीटच्या शेतांतला चिखल साचलेला असताना. आरसासुद्धा फुटला नाही कधी. हे वाक्य मी लग्नांत ऐकलंय, मयतांत ऐकलंय, माझ्या घटस्फोटाच्या दिवशीही ऐकलंय. “मी आरसा फोडला नाही आणि तू अख्खा नवरा घालवलास,” असं.

ऑगस्टमध्ये माझ्या मनगटाचं ऑपरेशन होतं. इस्पितळात सोडाल का म्हणून विचारलं होतं. “पेट्रोल काय आभाळातून पडतं? टॅक्सी कर,” म्हणाले. त्यांची गाडी अंगणात उभी होती. मी टॅक्सी केली आणि टॅक्सीतच ठरवलं, संपलं.

आता टॅम्सिन त्यांच्या टेबलाशी बसली आणि मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काम, सोमवार, आकडा.

“नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला एक पेनी द्यायची नाहीये. फक्त नाव.”

“फक्त नाव! नावच आहे माझ्याकडे. हिनं उद्या कुणाच्या कुंपणात गाडी घातली की तिथं माझं नाव.”

“मी कुंपणात घालणार नाही, आजोबा.”

“परीक्षेला कितव्यांदा पास झालीस?”

“तिसऱ्यांदा.”

“मी पहिल्यांदा.”

“तेव्हा रस्त्यावर गाड्या तरी होत्या का?”

“जीभ बघ हिची. आणि म्हणे गाडीत काळी डबी बसवणार. ब्रेक जोरात दाबला की चुगली करणार. असल्या चहाडखोर गाडीवर माझं नाव नको.”

“बाबा, नातीची नोकरी जाईल.”

“बसनं जा म्हणावं.”

“बस नाहीये!” टॅम्सिन ओरडली. “तुम्हाला माहितीये बस नाहीये! तुम्ही मुद्दाम करताय. आईला टॅक्सीनं पाठवलंत, आता मला. तुम्हाला कुणाचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही!”

ते तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे म्हणजे तिच्या कानाच्या थोडं बाजूला, भिंतीकडे. मला वाटलं, तोंड फिरवलं.

दुसऱ्या चालकाचा लायसन्स क्रमांक?

“कपाटाच्या खणात असतं ना?” मी म्हटलं आणि सरळ खणाकडे गेले.

“हात लावू नकोस.”

“तुम्ही नाही म्हणा, मी नाव घालणार.”

“हेदर, खण बंद कर!”

खणात लायसन्स नव्हतं. दोन कागद होते. एक सरकारी, मार्च महिन्याचा: आपण दृष्टीच्या कारणावरून स्वेच्छेनं परत केलेलं लायसन्स मिळालं. दुसरा विमा कंपनीचा, जूनचा: नूतनीकरणाबद्दल आभार. चारशे बारा पौंड भरल्याची पावती.

मी दोन्ही वाचले. मग तारखा पुन्हा वाचल्या.

“लायसन्स मार्चमध्ये परत दिलंत?”

मी दुसरा कागद पुढे केला.

“आणि जूनमध्ये गाडीचा विमा भरलात? कशासाठी? चालवणार कोण होतं?”

“विम्याचं बावन्नावं वर्ष होतं, एकही क्लेम न करता,” ते म्हणाले. “एक्कावन्नावर सोडायचं?”

दिवसभर मी दुसऱ्यांच्या आईबापांच्या डोळ्यांत थेंब घालते. कोण चमचा चाचपडत शोधतं, कोण पायरीवर थांबतं, माझ्या लगेच लक्षात येतं. यासाठीच मला पगार देतात.

“म्हणजे ऑगस्टमध्ये...” मी म्हटलं.

“टॅक्सी कर म्हणालो ना! वाईट काय बोललो?”

“सांगता येत नव्हतं का?”

“तुला? गावभर झालं असतं. बिचारे क्लिफर्ड म्हणत शेजारच्या आयव्हरची बायको खीर घेऊन आली असती.” ते खुर्चीत बसले. बसण्याआधी खुर्चीच्या पाठीला हात लावून ती कुठे आहे ते चाचपलं त्यांनी. “मधला भाग जातो. कडा दिसतात. तुझं डोकं आहे तिथं आत्ता राखाडी डाग आहे. चेहरा नाही ते एका अर्थी बरंच आहे.”



“लिही,” ते अचानक म्हणाले. “नंबर पाठ आहे मला. लिही.”

त्यांनी सोळा अक्षरं सांगितली, न अडखळता. मी मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये टाइप केली. का केली, विचारू नका. सोमवार होता डोक्यात.

कधीही क्लेम केला आहे का? नाही. चाक फिरलं. एक हजार पाचशे नव्वद.

हातात मावेल असा आकडा. खाली शेवटचा चौकोन: दोन्ही चालकांची वरील माहिती खरी आहे.

माझं बोट चौकोनावर होतं. बाबा म्हणाले, “दाब. कोण बघतंय?”

“काढ ते नाव,” टॅम्सिन म्हणाली.

“टॅम, सोमवारी...”

“आई, काढ. मी कुणाला धडकले तर पहिलं हेच तपासतील. मग विमा नाही, लायसन्स नाही, नोकरी नाही. आणि पेपरात आजोबांचं नाव.”

बाबा नाकातून हसले. “अक्कल आहे पोरीला. आईवर नाही गेली.”

“तुमच्यावरही नाही गेली,” मी म्हटलं आणि नाव खोडलं. आकडा परत दोन हजार तीनशे चाळीसवर जाऊन बसला.

“आयव्हर माझ्या गाडीचे सातशे म्हणतोय दोन महिने,” ते म्हणाले. “चोर आहे. आठशे घ्या त्याच्याकडून आणि हिच्या विम्यात घाला. पण आधी माझा विमा बंद करायला हवा. लाव फोन.”

“बाबा, आज नको...”

“आज नाही तर सोमवार काय पुढच्या महिन्यात येणार आहे? लाव म्हटलं ना. बोलणार मी.”

*

विमा बंद करण्याचं कारण?

मी माझा मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवून त्यांच्या हातात दिला होता. पलीकडे एक मुलगी होती. तिच्या मागे दुसऱ्या पन्नास मुलींची कुजबुज.

“गाडी विकलीत का, मिस्टर पॅकवुड? की दुसरीकडे स्वस्त मिळालं?”

“नाही.”

“मग कारण काय लिहू? मला एक काहीतरी निवडावं लागतं.”

बाबांचा अंगठा फोनच्या कडेवरून वर गेला, खाली आला.

“आता मी गाडी चालवत नाही,” ते म्हणाले.

“बरं.” ती टाइप करत होती. मग थांबली. “इथं बावन्न वर्षं दाखवतंय. एकही क्लेम नाही. हे बरोबर आहे का?”

“तुमचं मशीन दाखवतंय ना?”

“मी अजून असं कुणाचंच पाहिलेलं नाही.”

“मग नीट बघून घे.”

ती हसली, पण चिडवण्यासारखं नाही. दोन वर्षांत पुन्हा गाडी घेतलीत तर ही सगळी वर्षं धरली जातील, असं तिनं सांगितलं. तसं सांगणं तिच्या कामातच असणार. बाबा म्हणाले, “हो, हो.” उरलेले पैसे दहा दिवसांत खात्यात येतील, आणखी काही मदत हवी का, नको, शुभ दिवस.

ती गेली. फोनमधून ध्वनिमुद्रित आवाज आला: आमच्या प्रतिनिधीची सेवा कशी वाटली? अगदी वाईट असेल तर एक दाबा, उत्तम असेल तर पाच.

“ठेवा फोन, बाबा,” मी म्हटलं. “त्याची काही गरज नसते.”

“गप. बरी बोलली ती पोरगी.”

त्यांनी फोन डोळ्यांच्या एका कडेला नेला, मग दुसऱ्या. काच गुळगुळीत. आवाजानं पुन्हा विचारलं, एक की पाच.

“पाच कुठंय यात?” त्यांनी विचारलं. कुणाला, ते सांगितलं नाही.

टॅम्सिननं खुर्ची सरकवली. काचेवर आकडे उघडले. त्यांचं बोट धरलं, आणि मधोमध, पाचवर टेकवलं.