पाठकोरा फॉर्म

“विकलेलं कुत्रं पळून परत आलं, तर गोष्टीतला हा धनगर त्याला पुन्हा नव्या मालकाच्या दारी का बांधून येतो? इमानदारी, आणखी काय!” मुकुंदराव म्हणाले.

शामला तांदूळ निवडत होती. “नाही दादा. कुत्र्यानं त्याला माफ केलं, म्हणून तो लाजला. ते तोंड त्याला रोज बघवलं नसतं.”

मुकुंदरावांनी तसंच लिहून घेतलं.

शहराच्या लष्कर भागातल्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. त्यांचं व्याकरण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कर्ता, कर्म, क्रियापद पोरं झोपेतही सांगत. पण धड्यात गोष्ट आली की गाडं अडायचं. मग पुस्तक धाकट्या विधवा बहिणीपुढे यायचं. तिला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं, वह्या तपासायला हात हवा म्हणून. सात वर्षं ती दौलतगंजातल्या त्यांच्या घरी माजघरात गोष्टी उलगडत होती आणि आयत्या बिळावरचा नागोबा वर्गात डोलत होता.

त्या गुरुवारी ते जिलबी घेऊन आले. “इन्स्पेक्टरसाहेब एकदम खुश! सगळ्यांसमोर बोलले, मास्टरसाहब, कहानी समझाना कोई आपसे सीखे!”

शामलानं हात पुसून मॅट्रिकचा फॉर्म पुढे केला. मुलींच्या शाळेत बाई हवी होती. मॅट्रिक झालीस तर जागा तुझीच, असं तिथल्या मोठ्या बाई लीलाताई स्वतः सांगून गेल्या होत्या.

“पालकाची सही हवी, दादा. सोमवार आखरी तारीख आहे.”

“करतो ना. घाई काय?” हात चिकट होते, म्हणून त्यांनी फॉर्म पुस्तकात ठेवायला सांगितला.

शुक्रवारी तिनं आठवण केली, रविवारी दोनदा. सोमवारी ते घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती.

“अगं, विसरलोच की! आणि तुला इथे कमी काय आहे?”

शामला रडली नाही. तिला भावाची किळस आली, आणि ज्याच्या घरी जेवतो त्याची किळस येते याची भीतीही वाटली.

बुधवारी नव्या गोष्टीचं पुस्तक तिच्यापुढे आलं. आत खुणेला तोच फॉर्म. पाठकोऱ्या बाजूवर मुकुंदरावांनी वळणदार अक्षरात प्रश्न लिहिले होते. प्रत्येकाखाली उत्तरापुरती जागा सोडलेली.

“वाचलीस? सांग बघू, शेवटी ती बाई घराची किल्ली विहिरीत का टाकते?” त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

शामलानं पुस्तक मिटून त्यांच्याकडे सरकवलं.

“मला नाही कळली, दादा.”

तिनं सूप पुढे ओढलं आणि खडे वेचू लागली. मुकुंदराव पेन्सिल धरून बसून राहिले. उद्या पहिलाच तास गोष्टीचा होता.