पडद्यामागची रंभा

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात वडशाला दसरूच्या तंबू टॉकीजमधलं आवाजाचं मशीन बंद पडलं. मग त्यानं नागपूरच्या भंगारातून एक जुना मूकपट आणला आणि त्याची बायको रंभा पडद्यामागं उभी राहून सगळ्यांचे संवाद बोलू लागली. लग्नाआधी ती नाटकात कामं करायची. भाताच्या तणशीवर बसलेली माणसं तिच्या आवाजात हरवून जात.

सिनेमातला नवरा धंद्यापायी बायकोला एका शेटच्या बंगल्यावर पाठवतो. ती रडत जाते.

राइस मिलचे मालक गुणवंतराव रोज पुढं बसत. एका सकाळी दसरू म्हणाला, "मिलवाला शेट नवं मशीन घेऊन देतो म्हणते. उद्या दुपारी तू त्याच्या बंगल्यावर जाशीन. एकटीच. संवाद आयकाचे हायेत त्याले."

"अन् तू काय म्हटलं?"

"बोलाचंच तं हाये." दसरू रीळ पुसत राहिला.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. बायको रडत दाराबाहेर पडते तो प्रसंग आला. कापडातून झिरपणारा उजेड रंभाच्या हातांवर तरंगत होता. पडद्यावरच्या बाईचा तो भला मोठा चेहरा इतका जवळ, की तो आपलाच वाटावा. ठरलेला संवाद तिनं सोडून दिला. तंबूत फक्त मशीनची घरघर.

मग आवाज आला, "मी नाई जात. तुले जायचं असन तं तू जाय."

पडद्यावरची बाई मात्र चालतच होती.

"अवं, ते तं चालली!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"नाई जात," रंभा पुन्हा म्हणाली.

बाईनं बंगल्याच्या पायरीवर पाऊल टाकलं, आणि दसरूनं मशीनचा दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी तो मिलवर जाऊन आला. "शेटचे पैसे वापस केले," म्हणाला.

"म्हणजे घेतले होते तू?"

दसरूनं होकारार्थी मान हलवली. रंभा तांदूळ धूत राहिली.

ती त्याला सोडून गेली नाही. त्याच्यासोबत आरमोरीला, सिंदेवाहीला फिरली, तिकिटं फाडली, स्वयंपाक केला. पण पडद्यामागं पुन्हा उभी राहिली नाही. सिनेमा मुकाच चालायचा. आधी लोक उठून जात. पुढं बघायला आलेल्या बायका स्वतःच संवाद बोलू लागल्या, कोणी एकीकडून, कोणी दुसरीकडून. रंभा त्यांच्यात बसून ऐकायची.

सिंदेवाहीला भागीरथाबाई नावाच्या म्हातारीनं पडद्यावरच्या नवऱ्याला असं काही झापलं, की सगळा तंबू हसला. कितीतरी महिन्यांनी रंभाही हसली. मशीनजवळ उभा असलेला दसरू त्या उजेडात तिच्याकडे बघत राहिला. त्याला हसता आलं नाही.