एरंडावरच्या अळ्या

नंदिनीने काचेच्या नळीवर टिचकी मारली. आतली गांधीलमाशी, मुंगीएवढी, काळी, नळीला दोन फाटे फुटत होते तिथेच बसून मिशा साफ करत राहिली. एका फाट्यातून धडधाकट कपाशीच्या पानांचा वास येत होता, दुसऱ्यातून अळ्यांनी कुरतडलेल्या पानांचा. अळीचं तोंड लागलं की कपाशी एक वेगळाच वास सोडते. त्या वासाच्या मागाने ही माशी अळीपर्यंत पोचते आणि तिच्या अंगात अंडी घालते. वैदर्भीय कपाशीवर एवढंच दाखवून द्यायचं होतं.

"हल नं वं बाई," नंदिनी पुटपुटली.

बाई ढिम्म. तीन आठवडे हेच, पालथ्या घड्यावर पाणी. उद्या अकराला समिती बसणार होती. निकाल नसेल तर पीएचडीचा विषय बंद, चार वर्षं पाण्यात. काल तर तिने, वैतागून म्हणा की भिऊन म्हणा, न हललेल्या अठरा माश्यांपुढे वहीत 'कुरतडलेलं पान' अशा खुणा करून टाकल्या होत्या. 

"जा, मर!"

तिने नळी खिडकीबाहेर रिकामी केली. इतका वेळ मख्ख बसलेली ती माशी हवेत उठली, वाऱ्याकडे तोंड करून दोनदा हेलकावली आणि तडक खिडकीखालच्या एरंडावर उतरली. नंदिनी चपला न घालताच बाहेर धावली.

एरंडाच्या पानांची चाळणी झाली होती. पानांखाली चाळीसेक अळ्या, सगळ्या एका वयाच्या, डब्यात वाढवलेल्या असतात तशा. माशीने एकीला टोचलंसुद्धा.

आत येऊन तिने प्रयोगाची कपाशी उजेडात धरली. पानावरची भोकं गोल होती, सगळी एका मापाची. ऑफिसातल्या पंचिंग मशीनची. तीन आठवडे तिने ती भोकं मोजली होती, पाहिली नव्हती. माशी मात्र एकदाही फसली नव्हती.

संध्याकाळी पानांवर अळ्या सोडायच्या, सकाळी वेचायच्या आणि मग माश्यांच्या डब्यात टाकायच्या, हे काम कांताबाईचं. ती कुंड्यांना पाणी घालत होती.

"कांताबाई, काहून केलं असं?"

नंदिनीच्या हातातलं पान बघून कांताबाईने झारी खाली ठेवली.

"वर्षावास सुरू झाला, मॅडम. बुद्धविहारात शील घेतलं मी. पहिलंच शील, जीव घ्यायचा नाही. आन् तुमीच सांगितलं होतं, माशीचं पिल्लू त्या अळीले जित्तेपणी आतून खाते. मंग मी कशी टाकू तिले डब्यात? म्हून साऱ्या एरंडावर सोडल्या."

"आणि चौथं शील? खोटं वागायचं नाही, ते कुठं गेलं?"

नंदिनीचा आवाज चढला होता. लहानपणापासून वंदनेत रोज म्हटलेलं शील आज तिने दगडासारखं भिरकावलं, आणि तिला बरंही वाटलं. कांताबाईची मान खाली गेली.

"मोडलं, मॅडम. लिहा तुमच्या वहीत. साहेबाले दाखवा."

"लिहितेच!"

तिने वही ओढली, फाडकन उघडली. कालचं पान समोर आलं. अठरा खुणा, सगळ्या एका मापाच्या, एका दमात केलेल्या.

 नंदिनी खाली बसली. लाल पेन घेऊन तिने एकेका खुणेवर रेघ मारली आणि समासात लिहायला सुरुवात केली.

"माझं नाव लिहून राहिल्या का?" कांताबाईने हळूच विचारलं.

"नाही," नंदिनी म्हणाली. "आधी माझं."