दोन डाव्या बाह्या

गाठोड्याची गाठ तिने शेवटी दातांनी सोडवली. आईची गाठ बोटांना कधीच दाद देत नसे. आतले राखाडी लोकरी कापडाचे तुकडे तिने टेबलावर एकेक करून पसरले: पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, बाह्या. वर टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. ‘हेडबाई. कोट. उजवा खांदा किंचित खाली.’

फळीवरचं हे शेवटचं गाठोडं.

बावीस वर्षं दोघींचं ठरलेलं होतं. आईने कापायचं, लेकीने शिवायचं. “एका म्यानात दोन तलवारी नकोत गं,” असं आई म्हणायची. खरं म्हणजे दुसऱ्याच्या हातात कात्री द्यायचं तिच्या जिवावर यायचं. त्यामुळे आई गेली त्या दिवशी फळीवर तिने कापून बांधून ठेवलेली दहा-अकरा गाठोडी होती. लेकीने ती मुद्दाम पुरवून पुरवून शिवली. दोन दिवसांच्या कामाला आठवडा लावला. गिऱ्हाइकं कुरकुरली, एक-दोघी चार शब्द सुनावूनही गेल्या. तिने ऐकून घेतलं. एक गाठोडं संपलं की आई तेवढी कमी होते, हे त्यांना सांगणार कसं?

दुकान म्हणजे एक खोली आणि समोरासमोर दोन स्टुलं. दिवसभर दोघींच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. कुणी पोट आत ओढून माप दिलं, कुणाचा कोट दर वर्षी ‘धुण्यात आटतो’, यावर हसता हसता आईला ठसका लागायचा. लेकीला दुसरी मैत्रीण अशी नव्हतीच. तशी गरजच कधी पडली नव्हती. आता रेडिओ मोठ्याने लावला तरी तिला खोली खायला उठायची.

तिने बाह्या खांद्यांना लावून पाहिल्या. डावी नीट बसली, उजवी काही केल्या बसेना. उलटून धरली तर कापडाची उलटी बाजू वर आली. मग तिने दोन्ही सुलट करून एकीवर एक ठेवल्या. कडेला कड मिळाली. दोन्ही डाव्या होत्या.

कापड अपुरं होतं, म्हणून आईने ते दुहेरी न घालता एकेक बाही वेगळी कापली होती. आणि दुसऱ्या वेळी कागदी नमुना पालथा करायचा विसरली होती. नवशिकी पोर पहिल्या महिन्यात करते ती चूक. आणि केली कुणी, तर कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणाऱ्या आईने!

तिला खदखदून हसू आलं.

“आई, अगं बघ काय करून ठेवलंयस—”

दोन्ही हातांत बाह्या नाचवत ती समोरच्या स्टुलाकडे वळली. स्टुलावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती.

दवाखान्यात ती रडली नव्हती. भेटायला आलेल्या माणसांसमोरही रडली नव्हती. आता मात्र ती बाह्या तोंडाशी धरून रडली. आईची एवढी मोठी फजिती झाली होती, आणि जिला चिडवायचं तीच नव्हती.

नंतर डोळे पुसून तिने ती बाही खिडकीशी नेली. कडेची खडूची रेघ दोन ठिकाणी थरथरलेली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचं हे काम. त्या दिवशी आई फारसं बोलली नव्हती. कशावरून तरी रुसली असेल, असं समजून हिने मान वर न करता मशीन चालू ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शाळेच्या हेडबाई दारात उभ्या राहिल्या.

“झाला का गं कोट? शनिवारी निरोप देतायत मला. का तुझ्या कोटासाठी अजून वर्षभर नोकरी करू?”

“बाई, बाह्यांचा घोळ झालाय. दोन्ही डाव्याच कापल्या गेल्या. असलंच कापड आणून आज उजवी कापते. उद्या संध्याकाळी कोट घेऊन मीच येते तुमच्याकडे.”

“दोन्ही डाव्या?” हेडबाईंनी चष्मा काढला. “कापल्या कुणी?”

तिने ओठांत धरलेली टाचणी काढून उशीला टोचली.

“मी.”

“तरीच म्हटलं.” हेडबाई स्टुलावरची चळत बाजूला करून बसल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. “राग मानू नकोस, पण तुझी आई असती ना, तर हे झालं नसतं. इतकी वर्षं कपडे शिवून घेतले मी. एवढीशी रेघ कधी वाकडी गेली नाही तिची.”

“नाहीच गेली,” ती म्हणाली, आणि फीत घेऊन उठली. “उजवा हात पुढे करा, बाई. माप घेते.”