कप नसलेली बशी

मी एक जुनी बशी आहे. माझा कप आता नाही, त्यामुळे मला कपबशी म्हणवून घेता येत नाही. तुम्ही म्हणाल, बशीला कसले आले आहे आयुष्य! पण मित्रांनो, आमच्या वऱ्हाडात चहा बशीत ओतून पितात. नाव कपाचे होते, ओठ मात्र मला लागतात. चहा पिताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी कपापेक्षा जास्त जवळून पाहिले आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका भट्टीत झाला. पांढरी माती, तिच्यावर निळ्या फुलांची वेल आणि मग आग. आम्हा सहा जोड्यांना गवतात गुंडाळून अकोल्याला आणले आणि तिथून अकोटच्या बाजारात. तिथे एका नव्या नवरीने मला उचलले, उलटून पाहिले, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग तिने दुकानदाराशी अशी घासाघीस केली की तिचा नवरा लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. ती सुंदराबाई. बाहेर उभे होते ते डोमाजी, अकोट डेपोतले एस.टी.चे कंडक्टर.

त्यांना मूलबाळ झाले नाही. घरात होतो आम्ही, आणि येणारी-जाणारी माणसे. पोस्टमन येवो, मीटर पाहणारा येवो, नाहीतर भांडायला शेजारीण येवो, सुंदराबाईच्या घरातून चहा न पिता कोणी जात नसे. लग्नाकार्यात कागदी कप दिसले की तिचे डोके फिरायचे. "कागदाच्या कपात चाय देनं मंजे माणसाले लवकर जा म्हननं हाय," असे ती यजमानाच्या तोंडावर सांगायची. मला ती स्वतः घासायची. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही.

डोमाजी निवृत्त झाले आणि दोघे तिवशाकडच्या आपल्या गावी राहायला आले. काही वर्षे सुखाची गेली. मग गावाची सकाळची एस.टी. बंद झाली आणि कॉलेजला जाणाऱ्या मुली घरी बसल्या. ज्या माणसाने आयुष्यभर घंटी वाजवून गाडी सोडली, त्याला हे सहन होईना. चहा पिताना डोमाजी त्यावरच बोलत राहायचे. माझ्यातला चहा निवून जायचा. शेवटी सुंदराबाई वैतागली.

"अवो, मले काय सांगून राह्यले? मी काय गाडी सोडनार हाव? जिथं सांगाचं तिथं जाऊन सांगा!"

म्हणून डोमाजी लोकसभेला अपक्ष उभे राहिले. मित्रांनो, हसू नका. गावातले काही लोक हसलेच होते. पण जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी वर्गणी दिली, बँकेत निवडणुकीचे वेगळे खाते निघाले आणि डोमाजींचा पुतण्या सुगत, मोबाईलचे दुकान चालवणारा, दोन लेकरांचा बाप, हिशेब लिहायला बसला. निवडणूक चिन्ह घेऊन डोमाजी अमरावतीहून आले तेव्हा सुंदराबाई चुलीपाशी होती.

"चिन्ह काय घेतलं, सांगू?" ते म्हणाले. "तुले घेतलं."

त्यांनी कागद दाखवला. त्यावर कपबशी होती. सुंदराबाई म्हणाली, "काय बाप्पा, पागल झाले का!" आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिली. पत्रकांवर माझे चित्र छापून आले. जरा गुबगुबीत काढले होते, पण मी मनावर घेतले नाही. माझे एवढे कौतुक पूर्वी कधी झाले नव्हते.

घरात कार्यकर्त्यांची वर्दळ सुरू झाली आणि चहाही. एकदा सुगत भीतभीत म्हणाला, "मोठी आई, हा चाय बी खर्चात धरा लागते. सरकारनं कपाचा दर ठरवला हाय. तपासनीत इचारतात."

सुंदराबाईने मला खाली ठेवले. जरा आदळलेच म्हणा ना. "माह्या घरचा चाय लिहाचा नाही. आला माणूस, पेला चाय. याचा हिशेब मांडला, तं मी ह्या घरात राह्याची नाही."

ज्यांच्या बॅगेत कधी एका तिकिटाचाही फरक निघाला नव्हता, ते डोमाजी आपला चहा पीत राहिले. सुगतने घरचा चहा लिहिला नाही.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. भर दुपारी भातकुलीकडची माणसे आली होती. सुंदराबाई चहा घेऊन ओसरीवर येत होती आणि दारातच कोसळली. माझा कप उंबऱ्यावर आपटून फुटला. मी तिच्या पदरावर पडले, म्हणून वाचले. तिला अमरावतीला नेले. डोक्यात रक्त साकळले होते, असे लोक सांगत होते. ती परत आली नाही. माझ्यावर तिच्या हातच्या चहाचा डाग तसाच वाळला होता आणि तो धुवायचे कोणाला सुचत नव्हते.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला बौद्ध रीतीने निरोप देण्याच्या कार्यक्रमाला घरासमोर मंडप घातला. भंतेजी आले. आसपासच्या गावांतून माणसे आली. सुंदराबाईच्या कार्यात कागदी कप चालायचे नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. म्हणून न सांगता शेजारच्या बायका आपापल्या घरच्या कपबश्या घेऊन आल्या. रंगीत, पांढऱ्या, कान तुटलेल्या. टेबलावर नुसत्या कपबश्याच कपबश्या. सुंदराबाईने पाहिले असते तर खूश झाली असती.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. उमेदवारांच्या खर्चावर लक्ष ठेवणारे पथक होते ते. जिथे उमेदवार आणि गर्दी, तिथे त्यांना चित्रण करावेच लागते. बिचारी सभ्य माणसे होती. मंडपाच्या कडेला गुपचूप उभी राहिली. कोणीतरी त्यांच्यापुढे चहा नेला, तर त्यांनी हात जोडले. उमेदवाराच्या घरचे काही घेण्याची त्यांना मुभा नव्हती. त्या अंगणातून चहा न घेता गेलेली ती पहिली माणसे.

शेवटी डोमाजी बोलायला उभे राहिले. "तिनं कोनाले चाय पेल्याशिवाय जाऊ देल्लं नाही," एवढे म्हणून त्यांनी समोरच्या माणसांकडे पाहिले. बायका रडत होत्या. मग ते म्हणाले, "तिच्या कपबशीले इसरू नका."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. दुःखाच्या कार्यक्रमात टाळ्या! डोमाजी गोंधळून तसेच उभे राहिले, हात जोडून.

मतदानाच्या आधी अमरावतीला खर्चाची तपासणी होती. डोमाजींनी मला रुमालात गुंडाळून आपल्या कंडक्टरच्या जुन्या बॅगेत ठेवले आणि सुगतला सोबत घेतले. आमच्यापुढे एका मोठ्या उमेदवाराचा हिशेबनीस होता. त्याचे कागद टाइप केलेले, पानोपानी शिक्के. त्यांच्या सभांमध्ये, कागदावर तरी, कोणाला फारशी भूकच लागली नव्हती. तो लगेच मोकळा झाला.

तपासणीला माधवी नावाची अधिकारी होती, डोमाजींना मुलगी असती तर तिच्या वयाची. तिने संगणकावर ते चित्रण लावले. "काका, या सभेचा खर्च तुमच्या हिशेबात नाही. मंडप, खुर्च्या, चहा. आणि सगळीकडे तुमचं चिन्ह दिसतंय."

डोमाजींनी रुमाल सोडला आणि मला टेबलावर ठेवले. "ताई, हे चिन्ह नाही. हे माह्या घरचं भांडं हाय. चिन्हात कप बी असते. हिचा कप तिच्या हातातून पडला, अन् थे गेली."

माधवीने मला हातात घेतले. माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तुम्ही फक्त लिहून द्या, की हा घरचा दुःखाचा कार्यक्रम होता आणि त्यात मतं मागितली नाहीत. मी वर मांडते. हे खर्चातून निघून जाईल."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! सुंदराबाईचा चहा हिशेबातून सुटणार होता. सुगतने पेन उघडून डोमाजींच्या हातात दिला. पण डोमाजी पडद्याकडेच पाहत होते.

"आवाजासकट दाखवता का एक डाव?"

माधवीने आवाज मोठा केला. 'तिच्या कपबशीले इसरू नका.' टाळ्या. डोमाजींनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा तेच शब्द, पुन्हा टाळ्या.

"नाही, ताई. तसं लिहून देता येत नाही."

"मोठे बाबा, काहून असं करून राह्यले?" सुगत कळवळला. "सारं गाव सांगन, तुमी मत मांगतलं नाही म्हनून!"

"गावाले काय माहीत? बोलता बोलता मले दिसलं, लोक रडून राह्यले. अन् मनात आलं, हे मतं देतीन." डोमाजींनी डोळे पुसले नाहीत. "तेवढंच आलं. पन आलं. लिहा, ताई."

माधवीने लिहिले. मंडप, खुर्च्या, चहा. घरच्या कपबश्यांतला तो चहा सरकारी दराने मांडला गेला. पुढच्या रकान्यात 'प्रचार सभा' असे आले आणि डोमाजींनी खाली सही केली. सुंदराबाईच्या निरोपाचे कागदावर हेच नाव राहिले. परतीच्या एस.टी.त त्यांनी मला मांडीवर घट्ट धरले होते. मला फार रडू येत होते, पण बशीला रडता येत नाही.

डोमाजी हरले, हे सांगायला नको. सकाळची एस.टी. अजून बंदच आहे. निकालानंतर त्यांचा जुना मित्र नत्थुजी घरी आला. डोमाजींनी सुंदराबाईसारखाच, आल्याचा चहा केला आणि निवावा म्हणून माझ्यात ओतला. नत्थुजी एक घोट घेऊन हसत म्हणाला, "लिहून ठेवजा बरं डोमाजी हा बी चाय!" त्याच्या मनात काही वाईट नव्हते. डोमाजीही हसले. पण ती थट्टा गावभर झाली. जो येईल तो तेच म्हणायचा आणि डोमाजी दर वेळी हसायचे.

एके दिवशी त्यांनी उरलेल्या पाच कपबश्या धुतल्या, पुसल्या आणि वरच्या फळीवर ठेवून दिल्या. आता त्या घरात आल्यागेल्याला पाणी मिळते. चुलीवर चहा मांडत नाहीत. स्वतः डोमाजी फाट्यावरच्या टपरीवर चहा पितात, कागदी कपात. मी सुंदराबाईच्या फोटोपुढे आहे. माझ्यावर मेणबत्ती लावतात. मेणाचे थर साचून निळी फुले दिसेनाशी झाली आहेत. माझे काही म्हणणे नाही. निदान तिच्यासमोर आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, मते द्याल. उमेदवाराने पैसा कुठून आणला आणि कुठे घातला, हे जरूर विचारा. ज्यांचे कागद फार सुरेख असतात, त्यांना तर खडसावून विचारा. डोमाजीही तुम्हाला हेच सांगतील. पण कधी आमच्या गावावरून गेलात, तर त्यांच्या दारी थांबा. हिशेबाचे काही बोलू नका. थट्टा तर अजिबात करू नका. ते पाणी आणून देतील. ते घ्या, ओसरीवर बसा आणि म्हणा, "बाबा, चाय मांडा."

ते नाही म्हणतील. तरी उठू नका.