माझ्या बुजवणीचे पैसे केव्हाच भरलेत

मी खड्डा बोलतोय. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मारुतीच्या पारामागच्या गल्लीत, बरोबर मधोमध मी पडलेलो असतो. तुम्ही मला चुकवून जाता, शिव्या देऊन जाता. आज थोडं ऐकूनही जा.

मी पावसानं झालेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण नगरपालिकेतल्या साहेबांना विचारलं की ते आभाळाकडं बोट दाखवतात. मला याच गल्लीतल्या तातेरावांनी खोदून घेतलं, नव्या नळासाठी. रस्ता फोडायचा तर तो पुन्हा बुजवायचा खर्च आधी भरावा लागतो. तातेरावांनी तो भरला. म्हणजे माझ्या शेवटाचे पैसे माझ्या जन्माआधीच जमा झाले होते!

तरी मी जिवंत आहे. नळाला पाणी आलं, तातेरावांनी पहिला हंडा भरला आणि ते घरात गेले. मागं वळून कुणी पाहिलं नाही. वरवर लोटलेली माती पहिल्याच सरीत वाहून गेली. कापसाच्या ट्रॅक्टरांनी मला रुंद केलं. गणपती आले की माझ्यावर मुरूम पडायचा आणि मिरवणूक गेली की तो गटारात जायचा.

मग माझे पैसे गेले कुठं? म्हणे सगळ्यांचे सगळे पैसे नगरपालिकेच्या एकाच पेटीत पडतात, आणि जे डोळ्यांत भरतं त्याला आधी मिळतात. गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान उभी राहिली. तिच्यावर दिवे लुकलुकतात. मी गाडीच्या काचेतून दिसत नाही.

समोरच्या घरातल्या शालूच्या लेकीला, पायलला, मात्र मी रोज दिसतो. पायलच्या दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या आहेत. नागसेनची रिक्षा दारापर्यंत यायची आणि तिला शाळेत न्यायची. संक्रांतीच्या तोंडावर रिक्षाचं पुढचं चाक माझ्यात अडकलं नि रिक्षा कलंडली. पोरं थोडक्यात वाचली.

"शालूताई, मी आता गल्लीत येत न्हाई," नागसेन म्हणाला. "लेकरं सांडली असती. पोरीला कोपऱ्यावर आणून सोडा."

"नववीत गेली ती, भाऊ. रोज उचलून आणू का तिला?"

"मंग खड्डा बुजवा."

"खड्डा काय मी माहेराहून आणलाय का?"

तेव्हापासून पायल ओट्यावर बसून असते. शाळेची घंटा इथवर ऐकू येते. घंटा झाली की ती पुस्तकातून मान वर करते, आणि माझ्याकडं बघते. मला तोंड लपवायला जागा नाही.

गल्लीतल्या उपासतापासांत झुंबरबाईंचा शब्द चालतो. त्यांनी बायकांना जमवलं. "औंदा हळदीकुंकवाला वाण नको लुटू. डबे-वाट्या घेण्यापरीस सिमेंट आणू. पुण्य लागंल."

बायकांनी माना डोलावल्या. मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण शालू भडकली.

"मावशी, घरपट्टी आपण भरली. खोदाईचे तातेरावमामांनी भरले. आता वाणाचेबी आपणच घालायचे? मंग नगरपालिका काय निस्त्या कमानी बांधायला हाय?"

"अगं, लेकरू तुझंच घरात बसलंय ना?"

"म्हणून तर बोलून राह्यले! आज आपण बुजवला, उद्या दुसऱ्यानं नळ घेतला, तर परत वाण मोडायचं?"

झुंबरबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बराबर हाय तुझं. वाण लुटायचंच. कुणाला बोलवायचं ते मी बघते."

हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्याकडं सवाष्ण मोडत नाही, आणि हातात पडलेलं वाण परत करत नाही. नगरसेविका बेबीनंदा आल्या. गाडी कोपऱ्यावरच ठेवावी लागली. जरीचे काठ सावरत चालत आल्या. सतरंजी माझ्याच काठावर अंथरलेली होती. हळदकुंकू झालं, अत्तर झालं, तिळगूळ झाला. मग झुंबरबाईंनी त्यांच्या हातात घमेलं ठेवलं. त्यात माझ्याच कडेची उखडलेली खडी होती.

"हे काय, मावशी?"

"वाण. तातेरावांनी पैसे भरले, त्यातलं येवढंच दिसून राह्यलं आम्हाला."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बेबीनंदा हसल्या नाहीत, पण घमेलं खालीही ठेवलं नाही. "रथसप्तमीच्या आत करून देते," म्हणाल्या.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मुरूम! शालू धावत येऊन माझ्यात उभी राहिली.

"मुरूम नको. डांबर आणा."

"बाई, फुकटात टाकून राह्यलो, हटा," ड्रायव्हर म्हणाला.

"फुकटात?" शालू ओरडली. दारादारांतून तोच शब्द ओरडत बायका बाहेर आल्या. तातेरावही आले, आणि या वेळी घरात गेले नाहीत. ट्रॉली भरलेली तशीच माघारी गेली.

अजून डांबर आलेलं नाही. पायल अजून ओट्यावरच आहे. साहेबहो, ज्या रस्त्याच्या नावानं पैसे घेता ते वेगळे ठेवा, आणि तो रस्ता नीट होईपर्यंत त्यांना हात लावू नका. आणि गाववाल्यांनो, नळाला पाणी आलं म्हणून घरात जाऊ नका. खड्डा बुजेपर्यंत तिथंच उभं राहा.

बायका उपास धरतात ते कुणीतरी खूप जगावं म्हणून. झुंबरबाईंनी या सोमवारपासून उपास धरलाय तो मी मरावा म्हणून. देवा महादेवा, त्यांचा उपास फळू दे.